फियानो दि आवेल्लीनो आणि तिसऱ्यांची स्पगेटी

फियानो दि आवेल्लीनो ही दक्षिण इटलीतल्या कांपानियाची पांढरी वाईन. नेपल्सच्या पूर्वेला, आवेल्लीनोच्या डोंगरउतारांवर हिची द्राक्षं पिकतात. बरेच जण बाटली फ्रिजमधून काढून थेट ओततात आणि ‘आंबट आहे’ म्हणून मोकळे होतात. ४-५ अंशांवर मधाचा, पेअरचा वास गोठून जातो. जाणवतो तो नुसता आंबटपणा.

बाटली घेताना

लेबलवर पूर्ण नाव आणि डीओसीजी (इटालियन वाईनचा सर्वात वरचा सरकारी दर्जा) बघा. तो २००३ साली मिळाला. त्यासाठी किमान ८५ टक्के द्राक्षं फियानो जातीची लागतात. नुसतं ‘फियानो’ लिहिलेली बाटली पुलियाची किंवा सिसिलीचीही असू शकते. ‘आपियानुम’ दिसलं तर गोंधळू नका. तो या द्राक्षाशी जोडला जाणारा जुना लॅटिन शब्द, गोड घडांवर येणाऱ्या मधमाश्यांवरून पडलेला म्हणतात. दोन-चार वर्षांपूर्वीच्या हंगामाची बाटली घ्यावी. अगदी ताजी असली की ही वाईन जरा अबोल असते.

गार करताना

१० ते १२ अंश पुरे. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि २० मिनिटं. नुसत्या बर्फात खड्यांमध्ये हवा राहते, म्हणून बाटली उशिरा गार होते. फ्रिजमधली असेल तर १५ मिनिटं आधी बाहेर काढा. पेल्यात एका वेळी १०० मिली.

तिसऱ्यांची स्पगेटी (दोघांसाठी)

स्पगेटी २०० ग्रॅम, जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) ७०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ४ टेबलस्पून, लसणाच्या २ पाकळ्या, मूठभर चिरलेली पार्सली, वाईन ६० मिली.

१. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून तिसऱ्या दोन तास अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. गोड्या पाण्यात त्या मरतात आणि वाळू पोटातच राहते. मग हाताने उचलून काढा. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तळाची वाळू पुन्हा त्यांच्यावरच. उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या.

२. पसरट कढईत तेलावर लसूण फिकट सोनेरी करा. करपला की रस कडू होतो आणि वाईनही कडवट लागते. तिसऱ्या आणि वाईन घालून झाकण ठेवा, आच मोठी. ३-४ मिनिटांत उघडू लागतील. उघडेल तशी एकेक काढत राहा, नाहीतर रबर होतं. मिटलेल्या राहतील त्या फेका. रस फडक्यातून गाळा.

३. दरम्यान २ लिटर पाण्यात १२ ग्रॅमच मीठ घाला (रस मुळात खारट असतो) आणि स्पगेटी पाकिटावरच्या वेळेपेक्षा २ मिनिटं आधी काढा. ती रसात टाकून, अर्धा डाव शिजवणीचं पाणी घालून मोठ्या आचेवर हलवत राहा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि रस मिळून येतात. मंद आचेवर ताटात पाणी सुटतं. शेवटी तिसऱ्या आणि पार्सली. चीज नको.

खारट घासानंतर वाईनचा आंबटपणा मवाळ होतो, फळ पुढे येतं. म्हशीच्या दुधाच्या मोझरेलाबरोबरही ही छान जमते, फक्त मोझरेला फ्रिजमधून तासभर आधी काढलेला हवा. तळलेल्या मासळीला शेजारच्याच भागातली ग्रेको दि तुफो ही पांढरी वाईन बरी, ती जास्त करकरीत. मालवणी मसाल्यातल्या तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर मात्र फियानो उघडू नका. १३ टक्के अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते.