स्वस्तातल्या गेमिंग पीसीत आधी काय बदलायचं

कापूस विकून झाला की आमच्या भागातले दोन-तीन पोट्टे तरी नागपूरहून तयार गेमिंग पीसी घेऊन येतात. समोर काच, चार रंगीत पंखे आणि आत बेताचं ग्राफिक्स कार्ड. दोन महिने बरे जातात, मग एखादा नवा गेम अडखळतो आणि मला फोन येतो, "दादा, कोणतं कार्ड टाकू?" हिंगणघाटच्या आसपासच्या गावांत मी दहा-बारा वर्षांपासून ही कामं करतो. अशा फोनवर मी आधी एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरचा फोटो मागतो. कार्डाचं नाव त्यानंतर निघतं.

व्हिडिओत सल्ला देणाऱ्यांच्या घरी लाईन २३० व्होल्टवर स्थिर असते, खोलीत एसी असतो, भिंतीत अर्थिंग असतं. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी गावभर कूलर लागले की मी मल्टिमीटरवर १७५ वाचलेलं आहे. त्यांची यादी आपल्या घरी जशीच्या तशी चालत नाही.

आधी दुखणं शोधा

गेम सुरू करा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी गेममधली सेटिंग) बंद ठेवा, अर्धा तास खेळा आणि मधूनच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेम तरीही पडतात, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. व्हॅलोरंटसारखा गेम मुख्यतः प्रोसेसरवर चालतो. त्यासाठी महागडं कार्ड घेऊन हाती काही लागत नाही. प्रोसेसरचा एकूण आकडा ५० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका, त्यातला एखादा कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग, पूर्ण भरलेला असू शकतो.

एक गोष्ट हाताने तपासाच: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे की वरच्या मदरबोर्डच्या तोंडात? मागच्या पावसाळ्यात एका घरी तीन महिने कार्ड नुसतंच बसून होतं.

रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढ्याच जीबीची आणि तेवढ्याच स्पीडची दुसरी टाका. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडी घ्या. या दोन कामांत चूक करायला जागा नाही.

मशीन चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय-फाइव्हचं असेल, म्हणजे ऑफिसमधून निघालेलं आणि वरून काच लावलेलं, तर त्यात मोठा पैसा घालू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे बसत नाही. कार्ड नवं आणि घर पडकं, अशी गत होते.

एसएमपीएस: इथेच मी हात पोळून घेतला

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच मशीनवर बाजूला ठळक अक्षरांत ५०० वॅट लिहिलेला एसएमपीएस होता. दुकानदार म्हणाला, "५०० आहे ना, काहीही चालते." मी जुनं कार्ड आणलं. त्याला सहा पिनांचा प्लग लागत होता, एसएमपीएसला तो नव्हता. दुकानदाराने साठ रुपयांचं सॅटा टू सिक्स पिन कन्व्हर्टर, म्हणजे हार्ड डिस्कच्या प्लगवरून कार्डाला वीज देणारी जोडवायर, हातात ठेवलं. आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी रात्री खेळताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. कॅबिनेट उघडलं तर कन्व्हर्टरचं पांढरं टोक तपकिरी होऊन वितळलं होतं, पिवळी वायर कडक झाली होती, आणि ती ओढताना तिचं आवरण माझ्या बोटात आलं. कार्ड वाचलं, मदरबोर्ड गेला.

वर्कशॉपमध्ये कोणी समजावलं नाही, म्हणून हिशोब मी स्वतः शिकलो. तो इथे सांगतो. सॅटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची कुवत दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनांच्या प्लगमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं, आठ पिनांच्या प्लगमधून १५० पर्यंत. ५४ च्या वाटेने ७५ नेले की वाट जळणार. सॅटाचं कन्व्हर्टर कोणत्याही कार्डाला लावू नका, कोणी फुकट दिलं तरी लावू नका.

आता स्टिकर वाचा. बाजूला लिहिलेल्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, खालचा बारीक तक्ता बघा. त्यात +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट असे रकाने असतात आणि त्यांच्याखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात, म्हणून आपल्याला तोच रकाना हवा. १२ ला त्याच्या अँपिअरने गुणा. माझ्या त्या ५०० वॅटवाल्यावर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. ५०० चा हा खरा जीव. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ च्या रकान्यांत दाखवलेले असतात, ते गेमच्या कामाचे नाहीत. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३५ अँपिअरच्या वर दिसतं, म्हणजे ४२० वॅटच्या पुढे. आकडा लहान, पण माल खरा.

१२ व्होल्टचे दोन रकाने असतील, एकाखाली १४ आणि दुसऱ्याखाली १५, तर सरळ बेरीज करू नका. शेजारी दोन्ही मिळून किती वॅट हे वेगळं छापलेलं असतं, तेच धरा. ते छापलेलंच नसेल तर तो एसएमपीएस घेऊच नका.

मग आपली गरज काढा. कार्डाचे वॅट, अधिक प्रोसेसरचे जास्तीत जास्त वॅट, अधिक बाकी सगळ्याचे ५०. आय-फाइव्ह १२४००एफ जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो, आरएक्स ६६०० हे कार्ड १३२. एकूण ३००. त्याला खरा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, ५५० घेतला तर पुढच्या कार्डाला जागा राहते. ७५० घ्या म्हणणाऱ्याला विचारा की उरलेल्या वॅटचं लोणचं घालायचं का.

दुसरी ओळ बघा: एसी इनपुट, म्हणजे किती व्होल्टच्या लाईनवर तो चालतो. तिथे १००-२४० व्होल्ट असेल तर व्होल्टेज १७५ वर आलं तरी मशीन चालू राहतं. २००-२४० असेल, किंवा मागे लाल ११५/२३० ची खिटी असेल, तर कूलरच्या वेळेला तो बंद पडेल, आणि तुम्ही दोष कार्डाला द्याल. आमच्या गावांत "गेम मध्येच बंद होऊन राह्यला" या तक्रारीची मुळं मला बहुतेक वेळा याच ओळीत सापडली. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत सांगतो. आतला माल चांगला आहे याची हमी तो देत नाही. शिक्का बघा, पण त्याच्या आधी हा तक्ता वाचा.

आणि बदलण्याआधी प्लग बघा. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये मदरबोर्डला २४ पिनांऐवजी सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचा वेगळाच प्लग असतो. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सरळ बसत नाही. घरून निघायच्या आधी मशीन उघडून फोटो काढा, नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात तो दाखवा. बस पकडून परत जाण्यात दिवस जातो, भाडं जातं. वॉरंटीचं सील असेल तर उघडण्याआधी दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होकार घ्या.

काढता येणाऱ्या केबलींचा एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. चुकीची केबल लागली तर एसएसडी एका क्षणात जाते.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? टेस्टर लावला की दिवा मिणमिणतो? अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडी गळती अर्थाच्या वायरीत सोडतो; ती वायर कुठे जातच नसेल तर गळती पत्र्यावर बसते आणि तिथे शंभराच्या वर व्होल्ट दिसतात. मल्टिमीटरने अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. बरीच घरं बांधताना बोर्डात तिसऱ्या भोकाची वायर जोडलेलीच नसते. वायरमनला बोलावून घराच्या मागे, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ ओल राहते तिथे, कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. त्यात कार्डाच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत. हे केल्याशिवाय मी कोणाच्या मशीनला नवं कार्ड लावून देत नाही.

आता कार्ड

स्टिकरचा हिशोब झाला की कार्ड आपोआप ठरतं. एसएमपीएस बदलायचा नसेल तर वेगळा प्लग न लागणारं कार्ड: आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये चालतं आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं. ८ जीबीवालं १३० मागतं. नाव एकच, पण वस्तू वेगळी, डब्यावर नीट वाचा. एसएमपीएस नवा असेल तर आरएक्स ६६०० किंवा ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६०. जुन्या बोर्डावर आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी टाळा, ही कार्डं चारच लेनवर (मदरबोर्डशी डेटा नेणाऱ्या वाटांवर) चालतात आणि जुन्या स्लॉटमध्ये त्यांचा वेग घटतो. इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून ते कमावणं, सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, तेव्हापासून मायनिंगमधून निघालेली पुष्कळ कार्डं बाजारात फिरतात. जुनं घ्यायचं असेल तर दुकानात अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणा. दुकानदार नाही म्हणाला तर निघा.

कॅबिनेटमध्ये टेपने जागा मोजा. मॉनिटर फक्त व्हीजीएचा (जुन्या निळ्या प्लगचा) असेल तर नव्या कार्डाला ते तोंडच नसतं, त्याचा खर्च आधीच धरा.

उन्हाळा

समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटला हवा कुठून मिळणार? मे महिन्यात दुपारी खोलीच ४२-४३ अंशांवर असते. काच काढा, पुढून एक पंखा हवा आत ओढणारा आणि मागून एक बाहेर फेकणारा ठेवा. कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका, ओल आणि धूळ मिळून पंख्यावर चिखलाचा थर बसतो. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर हंगामात दर पंधरा दिवसांनी कार्डाच्या पंख्यातली रुई ब्रशने काढा, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. वीज कडाडायला लागली की पीसीचा प्लग आणि राउटरची लॅन केबल दोन्ही ओढा.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. तो गेम वाचवून मशीन बंद करण्यापुरता, लाईन गेल्यावर खेळण्यासाठी नव्हे. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा, म्हणजे लाईनकडून वीज सारख्या लयीत ओढणारा, एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसवर लाईन जाताच बंद पडतो, म्हणून यूपीएस घेताना दुकानातच भरल्या मशीनवर मेन स्विच पाडून बघा.

सगळं बसवून झालं की एक तास तुमचा सगळ्यात जड गेम चालवा. मशीन बंद करा, प्लग काढा आणि कार्डाच्या पॉवर प्लगला बोट लावा. कोमट चालेल. चटका बसला तर प्लग नीट आत बसलेला नाही किंवा एसएमपीएस कमी पडतोय, त्या रात्री पुन्हा सुरू करू नका. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं आपल्या उन्हाळ्यात वॉरंटी संपायच्या आधी उडतात.