कोलोझवारी राकोट कापोस्ता : आंबट कोबी आणि खिम्याचे थर

कोलोझवार म्हणजे आजच्या रुमानियातले क्लुज-नापोका. १९२० च्या तहानंतर हे ट्रान्सिल्व्हेनियातले शहर हंगेरीकडून गेले, पण तिथला कोबी हंगेरियन घरांत अजून त्याच नावाने शिजतो. १६९५ साली याच शहरात छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात कोलोझवारी कोबी आहे. तेव्हा पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, त्या स्वयंपाकात रुळलेली नव्हती. आज तिच्याशिवाय हा पदार्थ सुचतही नाही.

सहा जणांसाठी एक किलो आंबवलेला कोबी, अर्धा किलो डुकराचा खिमा, २०० ग्रॅम धुरावलेले सॉसेज, १०० ग्रॅम बेकन, दीड वाटी तांदूळ, दोन कांदे, तीन लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा गोड (तिखट नसलेली) पाप्रिका आणि ४०० ग्रॅम सावर क्रीम (आंबवलेली साय) घ्या. ते मिळाले नाही तर घट्ट चक्क्यात ताजी साय फेटा. पाप्रिकेऐवजी काश्मिरी मिरचीपूड थोडी कमी घातली तर रंग येतो.

कोबी आंबवलेलाच हवा. ताज्या कोबीवर व्हिनेगर ओतून हे होत नाही, कारण या पदार्थातली सगळी चरबी आणि सगळी साय त्या आंबटपणाला तोलण्यासाठी आहे. घरी करायचा तर बारीक चिरलेल्या एक किलो कोबीला २० ग्रॅम मीठ चोळा, पाणी सुटेपर्यंत कुस्करा आणि काचेच्या बरणीत दाबून भरा. कोबी सतत स्वतःच्या पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. झाकण सैल ठेवा, म्हणजे वायू निघून जाईल. थंड हवेत दोन-तीन आठवडे लागतात, आपल्या उन्हाळ्यात बरेच कमी.

शिजवण्याआधी कोबी चाखा. फार आंबट असेल तर एकदा धुवा, नसेल तर नुसता पिळा. उगाच धुतला तर चवच वाहून जाते. मग थोड्या चरबीत अर्धा तास झाकून मऊ करा. तांदूळ मीठ घालून अर्धवट शिजवा. पुढे भट्टीत तो कोबीचे पाणी आणि मांसाचा रस पितो, म्हणून पूर्ण शिजवला तर लगदा होतो.

चरबीत कांदा पारदर्शक होईपर्यंत परता, लसूण घाला आणि पातेले विस्तवावरून उतरवा. पाप्रिका आता घालायची. तिच्यात साखर असते, तापत्या चरबीत ती क्षणात करपते आणि सगळे कडू होते. ढवळून लगेच खिमा घाला, पुन्हा विस्तवावर ठेवा, मीठ-मिरी घालून शिजवा. सॉसेजच्या चकत्या वेगळ्या परता. त्यांचे सुटलेले लाल तेल भातात मिसळा.

खोलगट भांड्याला चरबी लावून तळाशी कोबी पसरा. त्यावर भात, खिमा, चकत्या, थोडे सावर क्रीम, पुन्हा कोबी. भांडे भरेपर्यंत हाच क्रम ठेवा, पण शेवटचा थर कोबीचाच. उरलेले क्रीम वर ओता, बेकनचे काप मांडा. १८० अंशांवर पाऊण तास झाकून, मग पंधरा-वीस मिनिटे उघडे भाजा. बेकन कुरकुरीत आणि कडा तांबूस झाल्या की काढा.

पंधरा मिनिटे निवू द्या, नाहीतर कापताना थर ढासळतात. चौकोनी तुकडे काढा, प्रत्येकावर थंड सावर क्रीमचा एक चमचा घाला, सोबत पाव द्या. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी झाकून गरम करा. मला ते तेव्हाच जास्त आवडते.