ओपन सोर्स प्रकल्पाची वार्षिक तपासणी कशी करावी?

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्टार, म्हणजे पसंतीच्या खुणा, वाढले की प्रकल्प ठणठणीत आहे असं समजून बरेच जण फसतात. स्टार देणारा एकदा बटण दाबतो आणि निघून जातो. प्रकल्प चालतो तो रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून बसणाऱ्या दोन-चार जणांच्या जिवावर. म्हणून वर्षातून एकदा तपासणी करायची, तर आधी या माणसांची करा. सुट्टीचे दोन दिवस पुरतात.

सुरुवातीला काळ ठरवा. जानेवारी ते डिसेंबर घ्या किंवा एप्रिल ते मार्च, पण दरवर्षी तोच. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी असल्याशिवाय यंदाच्या आकड्याला काही अर्थ नाही. कोणती गोष्ट कशी मोजायची याच्या व्याख्या लिनक्स फाउंडेशनच्या ‘केऑस’ उपक्रमाने लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या चार-पाच उचला. सगळ्या मोजायला बसलात, तर पुढच्या वर्षी तपासणी होणार नाही.

माणसं मोजा

रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या कोठारात, ‘गिट शॉर्टलॉग’ ही कमांड ‘एस’ आणि ‘एन’ हे पर्याय लावून आणि ‘सिन्स’मध्ये तारीख देऊन चालवा. कुणाचे किती कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, ते उतरत्या क्रमाने दिसेल. यादीतून बॉट, म्हणजे आपोआप बदल पाठवणारे प्रोग्रॅम, काढा. डिपेंडाबॉट बऱ्याचदा वरच ठाण मांडून बसलेला असतो. घरचा आणि ऑफिसचा ईमेल वेगळा असल्यामुळे एकच माणूस दोनदा दिसत असेल, तर ‘मेलमॅप’ फाइलमध्ये दोन्ही पत्ते जोडा.

आता वरून बेरीज करत या. निम्मे कमिट किती जणांत संपतात? उत्तर सात आलं तर निवांत चहा घ्या. एक आलं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी याचाच विचार करा. २०१४ साली हार्टब्लीड ही सुरक्षेतली गंभीर चूक उघडकीला आली तेव्हा जगातल्या असंख्य वेबसाइटींची कुलुपं सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर. ती चूक २०१२च्या आवृत्तीपासून कोडमध्ये होती.

कमिट म्हणजेच काम, असंही नाही. भाषांतरं अनेकदा एकाच नावाने गठ्ठ्याने जमा होतात, त्यामुळे मराठी इंटरफेससाठी शेकडो ओळी अनुवादणारी व्यक्ती या यादीत कदाचित दिसणारच नाही. डॉक्युमेंटेशन लिहिणारे, नवख्यांच्या शंका सोडवणारे यांची नावं हाताने जोडा.

किल्ल्या कुणाकडे?

सोसायटीच्या पंपाची किल्ली एकाच काकांकडे असते आणि काका गावाला गेले की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी असते. प्रकल्पातही हेच होतं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, रिलीजवर सही करण्याची डिजिटल किल्ली कुणाकडे आहे, लोक जिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतात त्या पॅकेज रजिस्ट्रीचं खातं कोण चालवतं, सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डावरून जातं, याची यादी करा. प्रत्येक ओळीत दोन नावं हवीत. जिथे एकच आहे, तिथे तपासणी संपायच्या आत दुसरं घाला.

नवख्याला उत्तर कधी मिळालं?

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारा आकडा हाच. ज्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली, ते सगळे शोधा आणि प्रत्येकाला माणसाकडून पहिलं उत्तर किती दिवसांनी गेलं ते लिहा. बॉटचं ‘धन्यवाद’ धरू नका. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा: नऊ जणांना दोन दिवसांत आणि एकाला ३०० दिवसांनी उत्तर गेलं, तर सरासरी जवळपास ३२ दिवस येते, मध्यक मात्र दोनच. तो ३०० दिवसांवाला का राहिला, हे वेगळं बघा. त्याचा विषय कुणालाच येत नसेल, तर कोडचा तो भाग बेवारस आहे.

मग या नवख्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले, ते मोजा. एकही नसेल तर दोष नवख्यांना देऊ नका. उघड्या इश्यूंच्या, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी-सूचनांच्या, एकूण संख्येवर मात्र वेळ घालवू नका. लोकप्रिय प्रकल्पात ती वाढतेच.

बोला

मेंटेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, फॉर्म पाठवू नका, फोन करा. का, ते एका उदाहरणावरून कळेल. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रकल्पातली चोरवाट जाहीर केली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो मुळाशी पोहोचला होता. ‘जिया टॅन’ नावाचं खातं २०२१पासून तिथे मदत करत होतं. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी कामं रखडली म्हणून मेंटेनरमागे तगादा लावला, आणि पुढे या मदतनिसाच्या हाती प्रकल्पाचे अधिकार गेले. मेंटेनर एकटा होता आणि हा बिनपैशाचा छंद आहे, हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणून प्रत्येक मेंटेनरला विचारा: कोणतं काम करताना जीव वैतागतो? कुणी दबाव आणतंय का? पुढचं वर्षभर राहणार आहेस का, आणि नसशील तर कुणाला शिकवून जाशील? ‘बरं चाललंय’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सोडून गेलेल्यांपैकी एका-दोघांशीही बोला. त्यांना आता भीड नसते.

पैशाचं थोडक्यात: जमाखर्च गणेश मंडळासारखा सगळ्यांना दिसेल असा लावा. मदत हवी असेल तर झेरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला आहे, वर्षाला दहा लाख डॉलरचा. त्यासाठी प्रकल्पाची गरज ‘फंडिंग डॉट जेसन’ या फाइलमध्ये मांडावी लागते.

एक पान लिहा

अहवाल एका पानाचा. वर आकडे, मागच्या वर्षीचे शेजारी, आणि खाली फक्त तीन कामं, प्रत्येकापुढे एक नाव आणि महिना. ‘समुदाय वाढवणे’ हे काम नव्हे. ‘जूनपर्यंत रिलीज करायला दुसऱ्या माणसाला शिकवणे’ हे काम.

कधी कधी उत्तर ‘आता थांबू’ असंही येतं. त्यात लाज नाही. अपाची फाउंडेशन थांबलेले प्रकल्प ‘ॲटिक’मध्ये, म्हणजे माळ्यावर, रीतसर ठेवतं. तुम्ही रीडमी या ओळख देणाऱ्या फाइलच्या पहिल्या ओळीत देखभाल थांबल्याचं लिहा, लोकांनी आता काय वापरावं ते सांगा, शेवटचं रिलीज करा आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवा. डोमेनचं नूतनीकरण मात्र सुरू ठेवा, नाहीतर उद्या तिथे भलत्याच कुणाचं दुकान लागेल.