आजारातून उठलेल्या मांजराच्या पोटात पुरेसं पाणी कसं जाईल?

उलट्या-जुलाब थांबले, ताप उतरला, मांजर चार घास खायला लागलं, की घरातली माणसं निर्धास्त होतात. पण पुढचे आठ-दहा दिवस पाण्याकडे नीट लक्ष ठेवावंच लागतं. मांजराला मुळातच तहान कमी. शिकारीच्या मांसातून पाणी मिळवणारं हे जनावर. भरलेली वाटी समोर ठेवली म्हणून ते पीत नाही. पाणी अन्नातूनच घालायचं.

हिशेब असा: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी, अन्नातलं धरून. ४ किलोच्या मांजराला २०० मिली. जुलाब सुरू असतील तर आणखी जास्त. कोरड्या दाण्यांत जेमतेम १० टक्के पाणी असतं, म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून फक्त ६ मिली. ओल्या खाद्यात ते ८० टक्क्यांच्या आसपास असतं. ८५ ग्रॅमची दोन पाऊच दिली आणि प्रत्येकात दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवलं, तर दिवसाची गरज जवळजवळ भागते. एकदम न देता चार-पाच वेळा थोडं थोडं द्या.

पाऊच परवडत नसेल तर चिकनचं पाणी करा. २०० ग्रॅम चिकन ६०० मिली पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळा. मीठ, हळद, आलं काहीही नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्याकडे रस्सा कांदा-लसूण चटणीशिवाय होत नाही, त्यामुळे मांजराचा वाटा वेगळ्याच भांड्यात शिजवा, घरच्या रश्श्यातलं धुऊन देऊ नका. गार झाल्यावर वरची चरबी काढा, हाडं वेचून टाका. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर जास्त. देताना कोमट करा; कोमट पाण्याला वास येतो आणि आजारी मांजर वासावरच खातं.

दूधभात या दिवसांत नको. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब पुन्हा सुरू होतात. खारवलेली सुकी मासळीही नको.

वाटी उथळ आणि रुंद असावी, स्टीलची किंवा चिनी मातीची. बेळगावजवळच्या खानापूरच्या मातीच्या परळात एप्रिल-मेमध्ये पाणी छान गार राहतं, पण मातीत बुळबुळीत थर धरतो, म्हणून ते रोज घासून उन्हात वाळवायचं. वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, वाळूच्या ट्रेपासून लांब. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांतून येणाऱ्या नळाच्या पाण्याला औषधाचा (क्लोरीनचा) वास येत असेल तर ते पसरट भांड्यात काही तास उघडं ठेवून मग द्या.

किती प्यायलं हे अंदाजाने सांगू नका, मोजा. सकाळी वाटीत २०० मिली ओता. तशीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या वाटीत जेवढी घट दिसेल ती उन्हाने आटलेली. ती वजा केली की मांजराचा खरा आकडा मिळतो. सोबत रोज वजन करा. एका दिवसात १०० ग्रॅम उतरलं तर ते बहुधा पाणीच. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडायची चाचणी (कातडी हळू बसली तर पाणी कमी) सगळ्यांना माहीत असते, पण वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी कमी होईपर्यंत ती काहीच दाखवत नाही, आणि म्हाताऱ्या किंवा रोडावलेल्या मांजरात ती फसवते. हिरड्यांना बोट लावा: ओल्या आणि निसरड्या हव्यात, चिकट लागल्या तर पाणी कमी आहे.

सिरिंजने पाणी पाजताना सगळ्यात जास्त चुका होतात. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, मांजर सरळ बसलेलं असू द्या, मान वर करू नका. सुळ्याच्या मागच्या फटीतून, गालाच्या बाजूने अर्धा ते एक मिली सोडा, गिळेपर्यंत थांबा, मग पुढचं. घाई केली की पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. मांजर गुंगीत असेल किंवा उलट्या चालू असतील तर तोंडाने काही पाजूच नका.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, डोळे खोल गेले, किंवा बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही, अशा वेळी थांबू नका. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मांजर बघतात का, हे आधी फोन करून विचारा, म्हणजे वेळ जाणार नाही. मूत्रपिंडाच्या आजारात लघवी भरपूर होते आणि तरीही अंगात पाणी कमी असतं, हे लक्षात ठेवा. हृदयाचा आजार असेल तर पाणी आणि सलाईन किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

कातडीखालचं सलाईन घरी द्यायला सांगितलं असेल तर आधी दवाखान्यात त्यांच्यासमोर एकदा देऊन दाखवा. बाटली त्यांनी लिहिलेलीच हवी, बहुधा रिंगर लॅक्टेट. मेडिकलमधलं साखरेचं सलाईन कातडीखाली चालत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर तपासा, दर वेळी नवी सुई वापरा. खांद्याजवळ गोळा दिसेल, तो पुढच्या पायाकडेही उतरतो. काही तासांत जिरायला हवा. दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना विचारा.