मेट्रो आणि सेतूच्या नावाने सांगितलेला घराचा दर कसा पारखावा

नवी मुंबईत घर पाहायला गेलेल्या कुटुंबाला सदनिकेच्या आधी नकाशा दाखवला जातो आणि त्यावर अटल सेतू, विमानतळ, मेट्रो ठळक रंगवलेले असतात. सरकारी खर्चाने परिसराचा भाव वाढतो हे खरेच आहे. मात्र तो घोषणा, भूसंपादन, बांधकाम आणि प्रत्यक्ष वापर अशा टप्प्यांनी चढत जातो, आणि आपण त्यांपैकी कोणत्या टप्प्याचे पैसे मोजत आहोत हे ज्याचे त्यानेच तपासावे लागते.

म्हणून आधी कामाची स्थिती पाहावी. बेलापूर ते पेंधर या ११.१ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि प्रवासी वाहतूक सुरू व्हायला १७ नोव्हेंबर २०२३ उजाडला. याच मार्गावरच्या तळोज्यात ज्यांनी सुरुवातीलाच मेट्रोच्या भरवशावर जादा दर दिला, त्यांचे बारा वर्षांचे हप्ते गाडी येण्याआधीच फिटले. उरण मार्गावरही खारकोपरपर्यंतची लोकल २०१८ मध्ये आली, पण पुढे उरणला पोहोचायला जानेवारी २०२४ लागला. घोषणेवर दर वाढवून मागितला जात असेल, तर निविदा निघाली आहे का आणि जमीन ताब्यात आली आहे का, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नये.

दुसरे काम दराचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. दलालाने सांगितलेला भाव बाजूला ठेवून, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचे सरकारी गोषवारे, काढावेत. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला म्हणजे दस्तात नोंदवलेली किंमत, तर दुसरा रेडीरेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून, काढलेला. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागावे, पण ते कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्टअप (भिंती धरून) हे आधी पाहावे, नाहीतर तुलनाच चुकते.

त्यानंतर बामणडोंगरी किंवा पेंधर स्थानकावरून त्या इमारतीपर्यंत संध्याकाळी, शक्यतो पावसात, स्वतः चालत जावे. जाहिरातीतली ‘पाच मिनिटे’ अंधाऱ्या, पदपथ नसलेल्या रस्त्यावर पंधरा होतात, आणि स्थानकाचा लाभ तेवढाच कमी होतो. रस्त्यात टँकर उभे दिसले, तर नळाला पाणी किती वेळ येते ते तिथल्या रहिवाशांना विचारावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सेतूने जसे उलवे (बामणडोंगरी स्थानकाचा परिसर) मुंबईजवळ आणले, तसेच आसपासचे मोकळे भूखंडही आणले, आणि त्यांवर उद्या उभ्या राहणाऱ्या सदनिका तुमच्या पुनर्विक्रीच्या दराशी स्पर्धा करणार आहेत. त्यासाठी महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या परिसरातील नोंदणीकृत प्रकल्प आणि त्यांतील न विकलेल्या सदनिका मोजाव्यात; हा आकडा आणि तीन-चार इंडेक्स टूच्या प्रती समोर ठेवूनच बिल्डरशी दराची बोलणी करावीत.