जीआरईचं पुस्तक घेण्याआधी

२०११च्या डिसेंबरात मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले ती एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर. तेव्हा त्यावर नोकरीची परवानगी नव्हती, पण या व्हिसावर शिकता येतं हे कळलं आणि एमएसचं मनावर घेतलं. घर बदलून चाललेल्या एका ताईंनी जीआरईचं, म्हणजे एमएससारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेचं, जाडजूड पुस्तक फुकट दिलं. दोन महिने विरुद्धार्थी शब्द घोकले, फ्रीजवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग ईटीएसची, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, सराव परीक्षा उघडली, तर विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्नच नाही! २०११च्या ऑगस्टपासूनच तो प्रकार बंद झाला होता.

म्हणून सांगते, पुस्तकाची जाडी नंतर बघा, आधी साल बघा. २२ सप्टेंबर २०२३पासून परीक्षा पुन्हा बदलली आहे. पावणेचार तासांची परीक्षा १ तास ५८ मिनिटांवर आली, दोन निबंधांचा एक झाला, गणित आणि इंग्रजीचे प्रश्न प्रत्येकी २७ उरले. २०११च्या बदलानंतरची जुनी पुस्तकं अगदीच रद्दीत टाकायला नकोत, प्रश्नांचे प्रकार तेच आहेत. फक्त त्यांतल्या पूर्ण लांबीच्या परीक्षांवरून वेळेचा अंदाज बांधू नका.

आणि हो, विद्यापीठातल्या तुम्हाला हव्या त्या विभागाला जीआरई लागते का, हे आधी तपासा. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ती अट गेली आहे. उगाच कशाला खर्च?

लागत असेल तर पहिलं पुस्तक ईटीएसचंच घ्या. पेपर तेच काढतात. इतर प्रकाशकांच्या पुस्तकांत इंग्रजीचे प्रश्न बऱ्याचदा अवघड शब्दावर अडतात. खऱ्या परीक्षेत बऱ्याचदा शब्दापेक्षा वाक्यच गुंतागुंतीचं असतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याला घाबरू नये. याद्या पाठ करण्यापेक्षा रोज एखादा लांबलचक लेख वाचलेला बरा.

गणित आपल्याला सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. ‘क्ष’चा वर्ग मोठा की ‘क्ष’? आपण झटकन ‘वर्ग’ म्हणतो. क्ष अर्धा असेल तर? शून्य असेल तर? उत्तर ‘ठरवता येत नाही’ हे असतं. पुस्तक चाळताना उत्तरांची पानं उघडा. असल्या प्रश्नात चुकीचा पर्याय का चुकीचा, हे समजावलं नसेल तर ते पुस्तक परत जागेवर ठेवून द्या.

विकत घ्यायची घाईही नको. पत्त्याचा पुरावा दाखवला की गावच्या लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं. ३७८ क्रमांकाच्या कपाटात ही पुस्तकं सापडतील. नसली तर दुसऱ्या गावातून मागवून देतात. मात्र घरी न्यायच्या आधी पानं उलटून बघा, आधीच्या वाचकाने पेन्सिलीने उत्तरं गिरवून ठेवलेली असतात. ईटीएसच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा मोफत आहेत. त्यांतली एक सुरुवातीला द्या, दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधीपर्यंत उघडूच नका. मी दोन्ही पहिल्याच शनिवार-रविवारी उडवल्या होत्या.