तलावांच्या भागात सायकल टूर करायचीय?
तलावाकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार असं समजून निघालात तर पहिल्याच दिवशी मांड्या बोंबलतात, कारण रस्ता मधेच काठ सोडून टेकडी चढतो, परत पाण्यापाशी उतरतो, आणि हे दिवसभर चालूच. म्हणून हलके गिअर असलेली सायकल घ्या, टायर 32 एमएम रुंद तरी हवेत. सामान पाठीवर नको, पॅनिअरमध्ये (चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्या), जड वस्तू तळाला.

दिशा पण बघा हं! ट्रॅफिक डावीकडून चालत असेल तर घड्याळाच्या उलट फिरा, पाणी कायम आपल्याच बाजूला राहतं, फोटोसाठी रस्ता ओलांडायला नको. सकाळी लवकर निघा, ऊन तापलं की तलावावरून वारा सुटतो, आणि तो नेमका तोंडावरच येतो (माझ्या तरी). पावसात रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबर दाबून थांबवणारे) पहिल्या दाबाला पकडत नाहीत, उताराआधीच हलके दाबून रिम पुसून घ्या.